एकाच पोत्याचे नमुने

वाशीम,
शनिवार, ९ जानेवारी १९९९

चि. हेमा,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकतो, कारण पुढे मजकूर बराच आहे. तुझी आई म्हणाली, फोनच लावा. पण चौकातल्या एसटीडी बूथमध्ये उभं राहून भाचीच्या लग्नाबद्दल ओरडायचं, म्हणजे अर्ध्या वाशीमला तोंडी आमंत्रण. त्यापेक्षा पत्र बरं.

तर तुला स्थळ आलं आहे. पुण्याच्या एका मध्यस्थ बाईंनी पत्रिका, फोटो आणि माहिती पाठवली. मुलगा तेजस काळमेघ. मूळचे आपल्याच भागातले लोक. वडील गोपाळकृष्णराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि तिकडचेच होऊन गेले. आता निवृत्त, कोथरूडला फ्लॅट. मुलगा कॉम्प्युटरमधला, कंपनीच्या कामाने सहा महिने अमेरिकेत राहून आलेला. फोटोत तरी माणूस सरळ दिसतो. तुझ्या आईने, मुक्ताईने, फोटो देवापुढे ठेवला आहे, म्हणजे तिच्याकडून निकाल लागला. पण घरातला गणिताचा मास्तर अजून जिवंत आहे.

इथे अज्ञातं तीन आहेत. मुलाचा स्वभाव, घरची माणसं आणि अमेरिकेतले सहा महिने. तीन अज्ञातांना तीन समीकरणं लागतात, हे तुला बारावीत मीच शिकवलं. म्हणून आजच पुण्याला तीन पत्रं टाकली. एक खडकीला दत्तोबाला, तो काळमेघांच्याच कारखान्यात होता. दुसरं नारायण पेठेत बद्रीनाथला, त्याच्या बाइंडिंगच्या दुकानात बसलं की सगळं पुणं कळतं म्हणतात. तिसरं कोथरूडच्या वेणूबाईंना, त्यांच्या खाणावळीत रोज साठ पोरं जेवतात. तीन माणसं, तीन ठिकाणं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. उत्तर आलं की मॅट्रिक्स मांडायचं आणि सोडवायचं.

तू यात काही करायचं नाहीस. तुझे बाबा गेले तेव्हा तू चौथीत होतीस. तेव्हापासून तुझी गणितं मी तपासतो आहे, हेही तपासतो.

आमच्या स्टाफरूममधले फिजिक्सचे सर रोज शिकागोचं तापमान ऐकवतात. त्यांचा मुलगा तिकडे आहे ना. थंडी त्याला, शिंका आम्हाला.

तुझा,
नागोमामा


कोथरूड, पुणे
मंगळवार, १९ जानेवारी १९९९

ती. मामा,

नमस्कार. पत्र मिळालं. स्थळाबद्दल तुम्ही म्हणाल तसं. चौकशीला साधारण किती दिवस लागतील, एवढं मात्र कळवा. म्हणजे घाई नाही, आपलं सहज विचारते. माहिती वाचून मला तरी काही वावगं वाटलं नाही.

आता माझं गाऱ्हाणं ऐका, कारण ते तुमच्याच विषयातलं आहे. आमच्या कंपनीने हडपसरच्या पलीकडच्या एका पशुखाद्याच्या गिरणीला प्रोग्रॅम करून दिला आहे, मीच लिहिलेला. शंभर पोती खाद्य करायचं तर मका किती, शेंगदाण्याची पेंड किती आणि सरकीची पेंड किती, हे तो सांगतो. एकूण पोती शंभर व्हायला हवीत, प्रथिनं ठरल्याएवढी हवीत, स्निग्धांश ठरल्याएवढा हवा. तीन अटी, तीन अज्ञातं. तुम्ही खडूने फळ्यावर करायचात तेच, ओळीतून ओळ वजा करत जायचं.

गेल्या आठवड्यात गिरणीने मालाचे नवे नमुने लॅबमध्ये तपासले आणि ते आकडे आम्ही भरले. उत्तर आलं, मका चाळीस पोती, शेंगदाणा पेंड सहाशे बारा पोती, सरकी पेंड वजा पाचशे बावन्न पोती. बेरीज बरोब्बर शंभर येते, ते वेगळंच. गिरणीच्या मालकांनी फोन करून विचारलं, वजा पाचशे बावन्न पोती कुठे रचून ठेवू? आमचे साहेब माझ्याकडे बघतात आणि काहीच बोलत नाहीत. पुण्यात हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

तीन दिवस प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला. चूक सापडत नाही. तुम्ही सांगा.

आईला म्हणावं, फोटो देवापुढून काढू नकोस.

हेमा


वाशीम,
रविवार, ३१ जानेवारी १९९९

चि. हेमा,

तीन दिवस प्रोग्रॅम तपासलास, आकडे एकदाही तपासले नाहीस. बारावीतही तू अशीच होतीस. रीत पक्की, पण प्रश्न कधी नीट वाचायचा नाहीस.

समज, कुणी सांगितलं की दोन डबे आणि एक पिशवी मिळून पाच किलो भरतात. दुसऱ्याने सांगितलं, चार डबे आणि दोन पिशव्या मिळून दहा किलो. समीकरणं दोन झाली, म्हणून पोरगं खूश होतं. पण दुसऱ्याने नवीन काय सांगितलं? काहीच नाही. पहिल्याचंच दुप्पट करून सांगितलं. पहिली ओळ दुप्पट करून दुसरीतून वजा केलीस की हाती नुसती शून्यं राहतात. डिटर्मिनंट शून्य. मग डबा किती आणि पिशवी किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तुझं दुखणं याच घराण्यातलं आहे. आडव्या ओळी असोत की उभ्या, दोन सारख्या झाल्या की तेच होतं. तुझ्याकडे पुरतं शून्य आलं नसणार, लॅबच्या दशांशांमुळे शून्याच्या अगदी जवळचा काहीतरी आकडा आला असेल. इतक्या बारीक आकड्याने भागलं की सहाशे पोती आणि वजा साडेपाचशे पोती असले तमाशे होतात. दोन्ही पेंडींचे आकडे शेजारी ठेवून बघ. एकमेकांच्या सावलीसारखे दिसले तर कॉम्प्युटर सोड आणि गिरणीत जा. नमुना कोणी घेतला आणि कुठून घेतला, ते विचार. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मॅट्रिक्स चुकलेलं मी पाहिलं नाही. चुकतो तो माहिती आणून देणारा.

स्थळाबद्दल सांगायचं तर दत्तोबाचं आणि बद्रीनाथचं उत्तर आलं आहे. घर चांगलं, माणसं चांगली. पण तिसऱ्या अज्ञाताबद्दल दोघांनीही जे लिहिलं आहे, ते मला बरं वाटलं नाही. वेणूबाईंचं पत्र येईपर्यंत जास्त लिहीत नाही. दोन समीकरणांवर निकाल द्यायचा नसतो.

तुझा,
नागोमामा


कोथरूड, पुणे
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९

ती. मामा,

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दोन्ही पेंडींचे आकडे शेजारी ठेवले आणि स्वतःचीच लाज वाटली. प्रथिनांत फरक दशांशाचा, स्निग्धांशात त्याहून कमी. शुक्रवारी गिरणीत गेले.

गोदाम संपत नावाचा माणूस सांभाळतो. शेजारच्याच गावचा आहे. गिरणी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्याच्या चुलत्यांची होती, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. नमुने तुम्हीच घेतलेत का, विचारलं. हो म्हणाला. कुठून घेतलेत, तर दाराजवळचं एक उघडं पोतं दाखवलं. दुसऱ्या पेंडीचा कुठून घेतलात, म्हटलं. परत तेच पोतं. मी त्याच्याकडे बघतच राहिले, तर तोच मला समजावायला लागला.

"पेंड म्हंजी पेंडच की ताई. हे पोतं उघडं हाय, म्हणून ह्यातनंच दोन पुड्या भरल्या. चिठ्ठ्या मातुर बराबर लावल्यात. ह्याच्यावर शेंगदाणा, त्याच्यावर सरकी."

मला राग येईना. त्याने खोटं काही केलं नव्हतं. लॅबनेही नाही, मीही नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं आणि उत्तर आलं वजा साडेपाचशे. नवे नमुने माझ्यासमोर दोन वेगळ्या पोत्यांतून घेतले. काल आकडे भरले. मका अठ्ठावन्न, शेंगदाणा पेंड तेवीस, सरकी पेंड एकोणीस. साहेब परत बोलायला लागले आहेत.

तुम्ही जे लिहायचं टाळलंत, ते मला कळेल का? दोन्ही पत्रांत नेमकं काय आहे? वेणूबाईंकडे मी रोज दुपारी जेवते. गेले काही दिवस त्या मला जरा जास्तच वाढतात आणि कीव आल्यासारखं बघतात.

हेमा


वाशीम,
शनिवार, २० फेब्रुवारी १९९९

चि. हेमा,

हे पत्र लिहायला चार दिवस लावले. कडू औषध लांबवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगून टाकतो. स्थळ मी नाकारलं आहे.

वेणूबाईंचं पत्र आलं आणि समीकरणं तीन झाली. तिन्ही पत्रं सोबत पाठवतो, तूच वाच. खडकीचा माणूस, नारायण पेठेतला माणूस आणि कोथरूडची बाई तिघंही एकच सांगतात. शिकागोत मुलाचं कुणीतरी आहे. दत्तोबा लिहितो, असं बोललं जातं. बद्रीनाथ लिहितो, शिकागोची भानगड आहे असं कळतं. वेणूबाई तर लिहितात, शिकागोला घर करून राहिला होता म्हणे. एकाने सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं. दोघांवर मी थांबलो. तीन ठिकाणांहून तीन माणसांनी तेच सांगितल्यावर आणखी कशाची वाट बघायची?

मध्यस्थ बाईंना मी नकार कळवला, कारणासकट. उगाच पत्रिका जुळत नाही वगैरे सांगणं माझ्या स्वभावात नाही. त्यांनाही कळायला हवं की मुलीकडचे डोळे मिटून बसलेले नाहीत.

मुक्ताईने फोटो उचलला. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. बापाच्या जागी उभं राहायचं म्हटलं की असा वाईटपणा घ्यावा लागतो. तुझ्या आयुष्याचं गणित चुकलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. तुला वाईट वाटणार नाही अशी आशा आहे. तू तर त्याला पाहिलेलंही नाहीस.

गिरणीचं वाचून फार बरं वाटलं. संपतचा किस्सा अकरावी-बारावीच्या तिन्ही वर्गांत सांगितला. पोरं हसली.

तुझा,
नागोमामा


कोथरूड, पुणे
सोमवार, १ मार्च १९९९

ती. मामा,

तेजसला मी पाहिलेलं आहे. सव्वा वर्षापासून ओळखते.

गिरणीतले इलेक्ट्रॉनिक काटे त्याच्या कंपनीने बसवले. काट्यावरचे आकडे माझ्या प्रोग्रॅममध्ये नीट येत नव्हते, म्हणून दोन महिने आम्ही रोज फोनवर भांडलो आणि मग भांडण नसतानाही फोन करायला लागलो. स्थळ मध्यस्थ बाईंना सुचलेलं नाही. आम्ही ते त्यांच्याकडून पाठवलं. मला वाटलं, स्थळ रीतीने आलं, तुम्ही चौकशी केलीत, तुम्ही होकार दिलात, तर तुमचा मान राहील आणि मलाही तोंड उघडावं लागणार नाही. हे मी तुमच्यापासून लपवलं. ते चूक होतं.

आता तुमच्या पत्रांबद्दल. तेजस न्यू जर्सीत होता. शिकागोला त्याने पाय ठेवलेला नाही. त्या सहा महिन्यांत मला त्याची चोवीस पत्रं आली. सगळ्या पाकिटांवर एकच गाव आहे, आणि ते शिकागो नाही. एकाच चुकीच्या गावाची बातमी तीन जणांना तीन ठिकाणी आपापली कशी मिळेल, असा विचार आला आणि काल रविवारी मी तिघांकडे जाऊन आले.

वेणूबाईंना विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाल्या, बद्रीनाथच्या बायकोने, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तीसेक बायका होत्या, तिळगूळ घेताघेता विषय निघाला. नारायण पेठेत गेले. बद्रीनाथकाका म्हणाले, मला दत्तोबाने विचारलं होतं, शिकागोत त्या मुलाचं कुणी आहे का रे? आता दत्तोबासारखा माणूस विचारतो, म्हणजे काहीतरी असणारच ना. खडकीला गेले. दत्तोबाकाकांनी चहा दिला आणि मी काही म्हणायच्या आत कपाटातून तुमचं पत्र काढून दिलं. तुमचं अक्षर आहे, मामा. "मुलगा सहा महिने शिकागोला होता. तिकडे त्याचं कुणी नाही ना, एवढा अंदाज घे."

त्यांनी अंदाज घेतला. बद्रीनाथकाकांना विचारून घेतला. आणि बद्रीनाथकाकांनी होय म्हटल्यावर तुम्हाला कळवलं.

तुम्ही तीन ठिकाणं निवडलीत, पण तिन्ही माणसं वाशीमची. दर महिन्याला एकमेकांकडे जेवतात, एकमेकांच्या मुलांची बारशी करतात. त्यांतलं कुणी काळमेघांच्या दारासमोरूनही गेलेलं नाही. तुमचा प्रश्न तिघांच्या तोंडून फिरून तुमच्याकडे उत्तर म्हणून आला. संपतने दोन पुड्या भरल्या, तुम्ही तीन.

मध्यस्थ बाईंनी तुमचं कारण शब्दन्‌शब्द पोचवलं. तेजसच्या आईंना आता सोसायटीच्या जिन्यात बायका विचारतात. वडिलांनी विषय बंद केला आहे. तेजसने नऊ दिवसांत फोन केलेला नाही. मी केला तर कामात आहे असं सांगतात.

मला तुमचा फार राग आला आहे. हे पत्र तीनदा फाडून लिहिलं, तरी राग कमी होत नाही. काही करा असं म्हणत नाही. फक्त तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

हेमा


(पोस्टकार्ड)

वाशीम, ५ मार्च १९९९

चि. हेमा,

बुधवारी सकाळच्या गाडीने पुण्यात पोचतो. दत्तोबाकडे उतरेन. बारावीच्या पेपरांचं सुपरव्हिजन सोडलं, प्राचार्य आश्चर्य करत होते. घ्यायला येऊ नकोस. तुझ्याकडे आधी येणार नाही.

नागोमामा


खडकी, पुणे
गुरुवार, ११ मार्च १९९९

चि. हेमा,

आज दुपारी परत निघतो आहे, हे पत्र स्टेशनवर टाकेन. पुण्यात येऊन तुला भेटलो नाही. खरं कारण लिहितो, तुझ्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही. वर्गात हजारो पोरांना ओरडलो असेन की ओळी आधी तपासा, मग सोडवा. मी मात्र तुझी ओळ मांडलीच नाही. तुला विचारायचं मला सुचलं नाही, कारण तुझं उत्तर मला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो.

काल तिघांकडे जाऊन सांगितलं की तो शब्द माझा होता, शिकागोसुद्धा माझंच. स्टाफरूममध्ये रोज ऐकून ऐकून माझ्या डोक्यात अमेरिका म्हणजे शिकागो, एवढंच. दत्तोबा रडायला लागला. बद्रीनाथ म्हणाला, म्हणजे मी उगाच बदनाम झालो. वेणूबाईंनी ताट वाढलं, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची यादी करते म्हणाल्या. प्रत्येकीकडे स्वतः जाणार आहेत. जातील असं वाटतं.

संध्याकाळी काळमेघांकडे गेलो. दार गोपाळकृष्णरावांनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी या म्हटलं, बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, दत्तोबाला लिहिलेल्या ओळीसकट. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, आपण गणित शिकवता ना?

हो म्हटलं, बत्तीस वर्षं.

"मग एक सांगा. आमच्या मुलाबद्दल आपण अख्ख्या पुण्याला विचारलंत. आम्हाला का नाही विचारलंत? पत्ता होता, फोन नंबर होता."

नाही विचारलं, एवढंच म्हणालो. मग ते बसा म्हणाले. त्यांच्या सौभाग्यवतींनी पाणी आणलं. बाईंचे डोळे सुजलेले होते. त्यांची मी हात जोडून माफी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली. हेमा, पाण्याचा पेला मी तसाच परत ठेवला.

निघताना तेजस खाली फाटकापर्यंत सोडायला आला. मुलगा खरंच सरळ आहे. मी त्याचीही माफी मागायला लागलो, तर त्याने मला थांबवलं. जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो. यात माझा कानामात्रा नाही.

"मामा, मला तुमचा राग नाही. तुम्ही मला ओळखत नव्हता. हेमा ओळखत होती. जानेवारीत तिने एक ओळ लिहिली असती, की मी याला ओळखते, तर यातलं काहीच झालं नसतं. तिला तुमची एवढी भीती वाटते, तर माझ्याबरोबर ती कशाच्या जिवावर राहणार?"

तुझी बाजू मांडावी असं फार वाटलं. पण गेले दोन महिने सगळ्यांच्या वतीने मीच बोलतो आहे.

काही सुचवत नाही. काय करायचं ते तू ठरव. मला कळवलंस तर बरं, नाही कळवलंस तरी राग नाही. भीती वाटावी असा मी होतो का, याचाच रात्रभर विचार करत होतो. असेनही.

नागोमामा


कोथरूड, पुणे
सोमवार, १५ मार्च १९९९

ती. मामा,

पत्र शनिवारी मिळालं. खरं तर मला तेजसच्या त्या वाक्याचा राग यायला हवा होता. आधी आलाही. मग दिवसभर दुसरं काही सुचेना. तेजस बरोबर बोलला होता. तुमची भीती मला कधीच वाटली नाही, तुम्ही त्यासाठी झोप घालवू नका. तुमचा चेहरा पडेल, एवढंच मला सोसवत नव्हतं. त्या एका गोष्टीसाठी मी सगळ्यांना चौकशी करू दिली आणि स्वतः मजेत पोती मोजत बसले. मग तुम्हाला रागाचं पत्र लिहून मोकळी झाले. त्या पत्रातला निम्मा राग माझ्या वाट्याचा होता.

काल सकाळी दहाला काळमेघांकडे गेले. मध्यस्थ बाईंना सांगितलं नाही, तेजसलाही कळवलं नाही. दार त्याच्या आईंनी उघडलं. त्यांनी माझ्या मागे जिन्यात बघितलं आणि विचारलं, तुमच्याकडून कोण कोण आलंय?

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी हेमा. मीच आले."

आत तेजस पेपर वाचत होता. तो उठून उभा राहिला. वडील खुर्चीतच होते. मीही उभ्यानेच सांगितलं. मी याला सव्वा वर्षापासून ओळखते. हे स्थळ आम्ही दोघांनी मिळून पाठवलं होतं. जानेवारीत मामांचं पत्र आलं, तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. मी गप्प राहिले आणि तुम्हाला नको ते ऐकावं लागलं. याच्याबद्दल कुणी काहीही विचारलं, तर यापुढे मला विचारा, मी सांगेन. मला याच्याशी लग्न करायचं आहे.

तेजस माझ्याकडे बघत होता आणि मी फरशीकडे. आईंनी पदराने डोळे पुसले आणि आत गेल्या. आतून कपबशांचा आवाज आला, तेव्हा मी मान वर केली.

गोपाळकृष्णराव म्हणाले, "असं म्हणता? मग बसा. चौकशी आम्हालाही करायची आहे. तुमचीच, आणि तुम्हालाच विचारून."

दीड तास बसले, मामा. त्यांनी खरंच सगळं विचारलं. बाबा कशाने गेले, आई तुमच्याकडे कधीपासून राहते, पगार किती, स्वयंपाक कितपत येतो, राग कशाचा येतो, लग्नानंतर नोकरी सोडणार का. नाही म्हटलं, तर म्हणाले, छान, याला सकाळी कुणीतरी उठवणारं हवंच होतं. तेजस पहिल्यांदा हसला. मला सोडायला तो वेणूबाईंच्या खाणावळीपर्यंत चालत आला. बोलला फार नाही. पण आला.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. तारीख कोणती धरायची, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, ते मामांना विचारून सांगते.

तर कळवा.

तुमची,
हेमा